‘चिंताक्रांत होऊ नका’ हे वचन वाचून घोर वाढत असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या आठ महिन्यांपासून पहाटे तीनच्या सुमारास तुम्हाला दचकून जाग येते, छातीत धडधडते, बोटांना मुंग्या येतात आणि आता काहीतरी भयंकर घडणार या धास्तीने उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. हृदयाच्या तपासण्या झाल्या, त्यांत दोष निघाला नाही. डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सुचवले आणि गोळ्यांचा विषय काढला. चर्चच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्या व्यक्तीने मात्र तुमचा विश्वास कमी पडतो आहे असे सांगून बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील ‘चिंताक्रांत होऊ नका’ हे सहावे वचन पाठ करायला लावले. तुम्ही ते पाठ केले, दिवसातून कित्येकदा म्हणू लागलात, आणि जिवाचा घोर कमी होण्याऐवजी वाढला. आता तुम्ही विचारता की चिंता हे पाप आहे का, आणि गोळी घेतली तर देवावरचा भरवसा सोडल्यासारखे होईल का.

मी नऊ वर्षे पाळकीय सेवा केली आणि त्यानंतर मानसशास्त्राचे शिक्षण घेऊन गेली चोवीस वर्षे समुपदेशन करतो आहे. या काळात जवळपास याच शब्दांतला प्रश्न माझ्यापुढे इतक्या वेळा आला आहे, की त्यामागचा खरा त्रास मला ओळखीचा झाला आहे. तुमच्यावर दोन ओझी आहेत. एक चिंतेचे, आणि दुसरे त्या चिंतेबद्दल वाटणाऱ्या अपराधीपणाचे. धडधड सुरू होते, पाठोपाठ ‘मला धडधडते म्हणजे माझा विश्वास नाही’ हा विचार येतो, त्या विचाराने धडधड आणखी वाढते, आणि वाढलेली धडधड पुन्हा अविश्वासाचा पुरावा ठरते. माझ्या अनुभवात दुसरे ओझे आधी उतरवावे लागते. ते खांद्यावर असेपर्यंत पहिल्यावरचा कोणताही इलाज, मग तो प्रार्थनेचा असो की औषधाचा, नीट लागू पडत नाही.

म्हणून सुरुवात त्या वचनापासूनच करू. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने तिथे ‘चिंता करणे’ यासाठी जे ग्रीक क्रियापद वापरले आहे, ते ‘मेरिम्नाओ’. तेच क्रियापद याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आले आहे, आणि तिथे ते तीमथ्य या सहकाऱ्याच्या कौतुकासाठी आहे: तुमची मनापासून काळजी वाहणारा त्याच्यासारखा दुसरा कोणी माझ्याजवळ नाही, असे पौल लिहितो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो स्वतःविषयी सांगतो की सर्व मंडळ्यांची चिंता रोज त्याच्यावर दडपण आणते, आणि तेही याच शब्दाच्या कुळातील नाम आहे. त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात तो आपल्याला ‘बाहेर भांडणे, आत भीती’ होती अशी कबुली देतो, आणि पहिल्या अध्यायात तर जगण्याचीही आशा सुटली होती असे म्हणतो. मनात कधीही कालवाकालव होऊ नये असा नियम पौलाला घालायचा असता, तर तो नियम सर्वांत आधी त्याच्याच हातून मोडला असता. त्याला सांगायचे आहे ते हे, की आत दाटलेले तुम्ही एकट्याने घोळवत बसू नका, ते देवाला कळवा.

आणखी एक बारकावा मला महत्त्वाचा वाटतो. नव्या करारातील वचनांचे क्रमांक पौलाने घातलेले नाहीत. ते १५५१ मध्ये रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने घातले. त्यामुळे आपण सहावे वचन सुटे काढून पाठ करतो आणि त्याच्या अगदी लगतचे, पाचव्या वचनाच्या शेवटचे शब्द मागेच राहतात. ते शब्द आहेत, ‘प्रभू समीप आहे’. हे शब्द गाळले की उरते ती केवळ ताकीद. ते जोडून वाचले की अंधारात घाबरलेल्या मुलाच्या उशाशी येऊन बसलेल्या बापाचे बोलणे ऐकू येते. तो बापही ‘घाबरू नकोस’ असेच म्हणतो, पण त्याच्या तोंडी ते शब्द आरोप नसतात. सातव्या वचनातील शांती अंतःकरण ‘राखील’ असे जे म्हटले आहे, ते क्रियापदही सैनिकी पहाऱ्याचे आहे. फिलिप्पै ही निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेली रोमी वसाहत होती आणि पौल स्वतः हे पत्र बंदिवासातून लिहीत होता, त्यामुळे पहारा म्हणजे काय हे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्यांना दोघांनाही पक्के ठाऊक होते. बाहेर धोका असतो म्हणूनच पहारा बसवतात. धोका जाणवणे आणि पहाऱ्यात असणे ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

तुम्हाला सल्ला देणाऱ्या व्यक्तीच्या बाजूनेही एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, चिंतेविषयी बोलताना, प्रभू येशूने ‘अल्पविश्वासी’ हा शब्द वापरला आहे, आणि तो तिथे नाही असे भासवून मी तुमचे सांत्वन करणार नाही. परंतु तो परिच्छेद ‘म्हणून’ या अर्थाच्या शब्दाने सुरू होतो आणि त्याच्या आधीचे वचन देव व धन या दोन धन्यांविषयी आहे. ज्याचे मन दोन धन्यांत वाटले गेले आहे आणि ज्याला उद्याची तजवीज आपणच केली तर होईल असे वाटते, त्याच्या चिंतेविषयी तिथे बोलणे चालले आहे. शिवाय तो शब्द शिष्यांना उद्देशून आहे, ज्यांना त्याने शेवटपर्यंत आपल्यापाशी ठेवून घेतले. चौदाव्या अध्यायात पेत्र हा शिष्य पाण्यात बुडू लागतो तेव्हाही हाच शब्द येतो, पण तिथला क्रम पाहा: येशूने तत्काळ हात पुढे करून त्याला धरले, आणि मग विचारले. मंडळीत आपण बहुधा आधी विचारतो, आणि हात पुढे करायचे राहूनच जाते.

चिंता हे पाप आहे का, याचे एका शब्दात उत्तर मी देत नाही, कारण ते कशाची चिंता आणि कुठून आलेली, यावर अवलंबून आहे. एखाद्याने कोणाचे पैसे बुडवले असतील आणि ते उघडकीला येईल या भीतीने त्याची झोप उडाली असेल, तर त्याला श्वासाचे व्यायाम शिकवणे हा त्याच्यावर अन्याय होईल. त्याने ते पैसे परत केले पाहिजेत. एखाद्या स्त्रीला घरात मारहाण होत असेल, तर तिची भीती तिला खरेच सांगते आहे आणि तिला आधी सुरक्षित जागा हवी. थायरॉइडची ग्रंथी जास्त काम करू लागली तरी हुबेहूब हीच लक्षणे दिसतात: धडधड, थरथर, घाम, निद्रानाश. म्हणून रक्ताची ती तपासणी तुमची झालेली नसेल तर आधी करून घ्या, आणि दिवसभरात चहा-कॉफी किती होते तेही पाहा. या सर्वांपैकी काहीच नसेल, आणि तुम्ही लिहिले आहे त्यावरून मला तसेच वाटते, तर बहुधा हा चिंतेचा विकार आहे. निदान अर्थात समोर बसून तपासणाऱ्या तज्ज्ञानेच करावे. सर्वसाधारण चिंताविकार म्हणताना कमीत कमी सहा महिने, बहुतेक दिवशी, आवरता न येणारी काळजी, आणि तिच्या जोडीला अस्वस्थता, थकवा, चित्त न लागणे, चिडचिड, स्नायूंचा ताठरपणा आणि झोपेची तक्रार यांपैकी निदान तीन गोष्टी पाहिल्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ३० कोटी १० लाख लोक चिंतेच्या कोणत्या ना कोणत्या विकारासह जगत होते. त्यांत प्रार्थना करणारेही असणारच.

तुमच्या शरीरात पहाटे काय घडते ते समजून घेतले तर निम्मी भीती ओसरते, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो. संकट ओळखण्याची यंत्रणा देवाने शरीरातच बसवली आहे. मेंदूतील अमिग्डला हा छोटासा भाग धोक्याची घंटा वाजवतो, अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरते, हृदय जोरात चालू लागते, श्वास वेगाने होऊ लागतो. अंगावर धावून येणारे जनावर असते तर हीच धडधड तुम्हाला वाचवायला उपयोगी पडली असती. चिंताविकारात ही घंटा हलकी होते, वाऱ्यानेही वाजू लागते. वेगाने श्वास घेतल्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि म्हणून बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. तो हृदयविकाराचा झटका नव्हे, हे तुमच्या तपासण्यांनी सांगितलेच आहे. भीतीचा असा झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि आपण त्याच्याशी झुंजलो नाही तर आपोआप उतरू लागतो. झुंजलो, तर शरीराला वाटते की खरेच काही संकट आहे, आणि घंटा वाजतच राहते.

आता प्रार्थनेविषयी. मला सर्वांत जास्त कळकळीने जे सांगायचे आहे ते इथे आहे.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे येत असत. त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलतो. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक छोटे कार्ड असे, त्यावर हेच वचन सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते, आणि त्याची उजवी कड अंगठ्याने घासून घासून मऊ, काळपट झाली होती. एकदा बोलता बोलता त्यांना झटका आला. त्यांनी खिशातून कार्ड काढले आणि ते वाचू लागले, एकदा, दोनदा, दहादा, आणि प्रत्येक वेळी वेग वाढत गेला, शब्दांत शब्द मिसळू लागले, कपाळावर घाम आला. ते देवाशी बोलत नव्हते. ते धडधड थांबते आहे का हे तपासत होते, आणि थांबली नाही की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होते. मी त्यांना कार्ड टेबलावर पालथे ठेवायला सांगितले. त्यांना ते पाप वाटले. हात थरथरत होता. मग आम्ही दोघांनी पाय जमिनीवर टेकवले, श्वास हळू सोडला, आणि मी तेरावे स्तोत्र उघडले. त्याच्या पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा एकच प्रश्न चार वेळा येतो. मी म्हटले, एवढेच म्हणा, आणि धडधड थांबावी म्हणून म्हणू नका, खरोखर विचारायचे आहे म्हणून विचारा. त्यांनी तिसऱ्यांदा ‘कोठवर’ म्हटले आणि ते रडू लागले. त्या आठवड्यात धडधड गेली नाही, पण अनेक महिन्यांनंतर प्रथमच त्यांनी देवाशी खरे बोलले होते.

तुम्ही दिवसातून कित्येकदा वचन म्हणता आणि घोर वाढतो, असे लिहिले आहे म्हणून हे सांगितले. प्रार्थना जेव्हा ‘लगेच बरे वाटावे’ यासाठीचे बटण होते, तेव्हा ती चिंतेच्याच चाकरीला लागते. असे करताना आपण मेंदूला शिकवतो की ही धडधड इतकी धोक्याची आहे, की ती कोणत्याही मार्गाने ताबडतोब थांबलीच पाहिजे. कित्येकांत हे आणखी पुढे जाते: प्रार्थना ‘नीट झाली नाही’ म्हणून पुन्हा, पापाची कबुली ‘पुरी झाली नाही’ म्हणून पुन्हा. धर्मसुधारक मार्टिन लूथर मठात असताना तासन्‌तास पापांगिकार करत असे आणि बाहेर पडताच राहिलेले काहीतरी आठवून पुन्हा अस्वस्थ होत असे, ही त्याच्याच आयुष्यातील प्रसिद्ध गोष्ट आहे. फरक ओळखण्याची माझी खूण अशी: पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा तो नेमका असतो, त्याला नाव असते, आणि कबुलीनंतर तो विषय मिटतो. चिंतेचा दोषारोप धूसर असतो, आणि कितीही कबुली दिली तरी त्याचे पोट भरत नाही.

मग प्रार्थना कशी करावी? माझ्याकडे येणाऱ्यांना मी दिवसातून ठरलेल्या दोनच वेळा सुचवतो, प्रत्येकी पंधरा मिनिटे, झटका असो वा नसो. त्या वेळी काळजी मोघम न ठेवता कागदावर नाव घालून लिहावी, ‘उद्याच्या बैठकीत मी अडखळेन’ इतकी नेमकी, आणि ती मोठ्याने देवाला सांगावी. पेत्र ‘त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका’ असे लिहितो. त्यातील ‘टाका’ या शब्दाचे क्रियापद नव्या करारात आणखी एकदाच आढळते, लूकाच्या एकोणिसाव्या अध्यायात, जिथे शिष्य आपली वस्त्रे शिंगरावर टाकतात. ते टाकणे हातांनी करायचे, दिसणारे काम होते. माझ्याकडचे काही जण तो कागद घडी करून बायबलमध्ये ठेवतात. नंतर दिवसभरात तीच काळजी डोके वर काढेल. तेव्हा तिच्याशी वाद न घालता ‘तू संध्याकाळच्या वेळेत ये’ असे म्हणून हातातले काम चालू ठेवावे. पहिले आठ-दहा दिवस हे अशक्य वाटते. तिसऱ्या आठवड्यापासून बहुतेकांना थोडा फरक जाणवतो.

आणि विलाप करायला भिऊ नका. स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखावरच संपते. त्याच्या शेवटी कोणतीही साक्ष नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. अटक होण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभूने ‘माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे’ असे तिघा मित्रांना उघड सांगितले आणि त्यांना जवळ राहायला विनवले. निष्पाप पुत्राने हे बोलून दाखवले, तर तुम्ही बोलल्याने तुमचा विश्वास उणा ठरत नाही.

गोळीच्या प्रश्नाकडे येतो. १ राजे या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. कर्मेल डोंगरावर आपल्या प्रार्थनेने अग्नी उतरलेला पाहून त्याला फार दिवस झालेले नव्हते. देवाचा दूत त्याला उपदेश करत नाही. तो त्याला स्पर्श करतो आणि निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचा चंबू दाखवतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो, आणि दूत दुसऱ्यांदा येऊन पुन्हा खायलाच सांगतो. मंद वाणी ऐकू येते ती त्यानंतर, आणि तीही त्याला अलीशा हा सोबती मिळवून देते. यशया संदेष्टा आजारी हिज्कीया राजाला देवाचा निरोप देतो आणि फोडावर अंजिरांचे पोटीसही बांधायला लावतो. पौल तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो; तू अधिक प्रार्थना कर, असे तिथे म्हणत नाही. लूक वैद्य होता आणि पौलाने त्याला ‘प्रिय’ म्हटले आहे. शरीरावरचा इलाज हा देवाच्या हातातून निसटलेला इलाज आहे, असे पवित्र शास्त्र कुठेही मानत नाही.

व्यवहाराचे सांगायचे, तर चिंताविकारात प्रथम दिल्या जाणाऱ्या गोळ्या बहुधा सेरोटोनिनवर काम करणाऱ्या असतात. त्यांचा परिणाम जाणवायला दोन ते सहा आठवडे लागतात, पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता किंचित वाढू शकते, आणि त्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात. त्यांची चटक लागत नाही. तत्काळ शांत करणाऱ्या गोळ्यांचा वर्ग वेगळा आहे. त्या फार दिवस घेतल्या तर सवय लागू शकते, म्हणून त्या किती दिवसांसाठी आहेत हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. प्रत्येकालाच औषध लागते असे मी म्हणणार नाही. सौम्य त्रासात विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती, साधारण बारा ते सोळा बैठकांची, अनेकदा पुरते. पण तुमची झोप आठ महिने मोडलेली आहे, आणि इतक्या थकलेल्या मेंदूला नवे काही शिकवणे अवघड जाते. म्हणून तुमच्या बाबतीत माझा कल मानसोपचारतज्ज्ञांची भेट लवकर घ्यावी आणि त्यांनी दिले तर औषध घ्यावे, याकडे आहे.

तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे की उपासनेत आता दाराजवळच्या खुर्चीवर बसता आणि कधीकधी मधूनच उठून येता. हे मला काळजीचे वाटते, कारण टाळण्याने चिंतेला खतपाणी मिळते. उठून आलात की लगेच हायसे वाटते, आणि ते हायसे वाटणेच पुढच्या रविवारी तुम्हाला दाराकडे ओढते. एक ओळ पुढे बसा, धडधड वाढली तरी दहा मिनिटे थांबा, दोन-तीन रविवारांनी आणखी एक ओळ पुढे. शेजारी विश्वासातील एका माणसाला बसवा, ज्याला आधीच सांगून ठेवले आहे आणि जो वचने ऐकवणार नाही.

मंडळीत हे कोणाकोणाला सांगावे, हे परिस्थितीवर आहे. सर्वांना सांगण्याची गरज नाही. पण पाळकांनी हे ऐकून घ्यावे अशी माझी फार इच्छा असते, आणि त्यांच्यापुढे मी चार्ल्स स्पर्जन या प्रसिद्ध उपदेशकाचे उदाहरण ठेवतो. १८५६ मध्ये, तो अवघा बावीस वर्षांचा असताना, त्याच्या सभेत कोणीतरी आगीची खोटी आरोळी दिली आणि चेंगराचेंगरीत सात जण दगावले. त्या धक्क्याने तो कोलमडला, आणि पुढे आयुष्यभर त्याला खिन्नतेच्या काळातून पुन्हा पुन्हा जावे लागले. त्याने ते व्यासपीठावरून लपवले नाही, आणि तो त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ उपदेश करत राहिला.

एक गोष्ट निक्षून सांगतो. जगणे नको, आपण नसलो तर बरे, असा विचार मनात आला, तर ठरलेल्या भेटीची वाट पाहू नका. त्याच दिवशी घरातील एका माणसाला ते शब्दांत सांगा आणि त्याला सोबत घेऊन रुग्णालयात जा. असा विचार एलीयाच्याही मनात आला होता, त्यामुळे तो सांगताना लाजण्याचे कारण नाही.

आज पहाटे जाग आली तर एवढेच करून पाहा. घड्याळ पाहू नका. एक हात पोटावर ठेवा, चार मोजेपर्यंत श्वास घ्या आणि सहा मोजेपर्यंत सोडा. सोडताना हवे तर ‘प्रभू समीप आहे’ हे तीन शब्द मनात म्हणा, एका श्वासाला एकदाच, आणि धडधड कमी झाली का ते तपासू नका. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद दिव्यात खुर्चीवर बसा आणि डुलकी येऊ लागली की परत अंथरुणावर जा. सकाळी डॉक्टरांची वेळ घ्या. भेट झाल्यावर त्यांनी काय सांगितले ते लिहा, म्हणजे पुढचे त्यानुसार सांगता येईल.